‘छान होतं’ म्हणजे काय?

नववीत होते तेव्हाची गोष्ट. वाचनालयात पुस्तक परत करायला गेले होते. काउंटरवरच्या काकांनी रजिस्टरमधून मान वर न काढता विचारलं, “कसं वाटलं?”

“छान होतं.”

“छान म्हणजे काय?”

मागे रांगेत दोन बायका आणि एक आजोबा उभे. मी पावणेतीनशे पानं वाचली होती, दोन रात्री आईच्या शिव्या खाल्ल्या होत्या, आणि सांगायला एक वाक्य नव्हतं. “म्हणजे… आवडलं,” एवढं म्हणून मी पळ काढला. काका मागून म्हणाले, “पुढच्या वेळी सांग.” पुढच्या वेळी त्यांनी खरंच विचारलं.

आता मी एकोणीस वर्षांची आहे, माटुंग्याला कॉलेजला जाते, राहते भांडुपला. मावसभावंडं, मैत्रिणी, बिल्डिंगमधली शाळकरी मुलं येऊन दोनच गोष्टी विचारतात: वाचायला वेळ कुठून आणतेस, आणि काय वाचू. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, की वाचलेल्याचं करायचं काय. मला सगळ्यात जास्त त्याच्यावरच बोलायचं आहे, पण क्रमाने घेते.

आधी वेळ

‘वेळ मिळत नाही’ असं मुंबईत कुणी म्हटलं की मी त्याला स्टेशनं मोजायला लावते. माझी अशी: भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, शीव, माटुंगा. स्लो लोकलने साधारण अर्धा तास. पहिल्या आठवड्यात एवढंच करा: गाडीत चढल्यावर जिथून वाचायला सुरुवात केली तिथे पेन्सिलीने बारीक टिंब, उतरताना दुसरं टिंब. पुस्तक वाचनालयाचं असेल तर टिंबही नको, तिकिटाच्या पाठीवर पान नंबर लिहा. माझा हिशोब सकाळी चौदा पानं आणि संध्याकाळी आठ असा निघाला, कारण संध्याकाळी हात वर करायलाही जागा नसते. दिवसाला २२, आठवड्याचे पाच दिवस धरले तर ११०. म्हणजे दोनशे वीस पानांची कादंबरी दोन आठवड्यांत होते, आणि आमच्या वाचनालयाची मुदत पंधरा दिवसांची आहे. रात्रीचा दिवस न करता, घरी एक पानही न उघडता.

घाटकोपरला निम्मा डबा बदलतो आणि कुर्ल्याला उरलेला. तेव्हा पुस्तक मिटायचं, बोट पानात ठेवायचं, बॅग पुढे घ्यायची. सुरुवातीला ही दोन स्टेशनं मला फुकट गेल्यासारखी वाटायची. नंतर लक्षात आलं, वाचलेलं डोक्यात मुरतं ते याच चार-पाच मिनिटांत, कारण तेव्हा दुसरं काही करताच येत नाही. फोन काढण्याइतकीही जागा नसते. माझी अर्धी मतं कुर्ल्याला तयार झाली आहेत.

जाड पुस्तक गाडीत नेऊ नका. उभ्याने एका हातात धरता येईल, अंगठ्याने पान उलटता येईल असंच न्या. कविता गर्दीत वाचू नये असं माझं मत आहे. कवितेला प्लॅटफॉर्मवरचा बाक बरा, दोन गाड्या सोडून.

पावसाळ्यात पुस्तक जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बॅगेच्या पाठीकडच्या कप्प्यात, कारण छत्रीचं पाणी पुढच्या कप्प्यात मुरतं. तरी भिजलंच तर उन्हात टाकू नका, इस्त्री तर मुळीच फिरवू नका. दर दहा-बारा पानांनंतर टिश्यू पेपर घालून पुस्तक पंख्याखाली उभं करा, टिश्यू दर तासाला बदला. पानं थोडी लाटांसारखी राहतील, राहू द्या.

पुस्तक निवडताना

वाचनालयात कपाटापर्यंत जाऊ देतात की चिठ्ठीवर नाव लिहून द्यावं लागतं, हे सभासद होण्याआधी विचारा. जाऊ देत असतील, म्हणजे मुक्तद्वार असेल, तर तेच घ्या, चार पावलं लांब असलं तरी. चिठ्ठीवर माणूस माहीत असलेलं नावच लिहितो. सरकार सार्वजनिक वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देतं, त्यावर जाऊ नका. आमचं लहान आहे, पंखे दोन, त्यातला एक बंद, आणि मला आवडलेली निम्मी पुस्तकं तिथलीच आहेत. जुनं, कुठेच न मिळणारं काही हवं असेल तर दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं.

पुस्तक हातात आलं की बहुतेक जण मागचं पान वाचतात. मी वाचत नाही. मलपृष्ठावरच्या मजकुरात सगळीच पुस्तकं ‘अंतर्मुख करणारी’ असतात. प्रस्तावनाही शेवटी वाचा, नाहीतर तुमचं मत व्हायच्या आधी दुसऱ्याचं मत तुमच्या डोक्यात जाऊन बसतं, आणि ते सहसा वयाने मोठं असल्यामुळे त्याला उठवता येत नाही.

त्याऐवजी साठावं पान उघडा. पहिलं पान लेखकाने पन्नास वेळा घासलेलं असतं. साठाव्या पानावर तो सवयीने लिहीत असतो. ते पान मनातल्या मनात मोठ्याने वाचायचं. माणसं बोलतात ती बोलल्यासारखी वाटतात का? दोन परिच्छेद झाल्यावर ‘हा कोण, आणि हिला एवढा राग का आलाय’ असं वाटलं की पुस्तक घ्यायचं.

आणि शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघायची. मला ती वाचायला पुस्तकाइतकीच आवडते. एका पुस्तकावर २००३ साली ओळीने सात शिक्के होते, मग थेट २०११, मग काहीच नाही, मग मी. २००३ला काय झालं असेल? मालिका आली असेल, की कुणीतरी एकाने वाचून सगळ्या चाळीला सांगितलं असेल? ज्या चिठ्ठीवर शिक्के गर्दीने आहेत ते पुस्तक बहुधा वेगवान असतं. ज्याच्यावर एकच शिक्का दोन-तीनदा लांबवलेला आहे, म्हणजे कुणीतरी मुदत वाढवून वाढवून वाचलंय, ते मी हमखास घेते.

काय आवडतं हेच माहीत नसेल तर दिवाळी अंकांपासून सुरुवात करा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे ही सोय आहे आणि आपण ती आईबाबांची गोष्ट समजून सोडून देतो. एका अंकात दहा-बारा लेखक चाखायला मिळतात. बऱ्याच वाचनालयांत दिवाळीनंतर अंकांची वेगळी वर्गणी घेऊन पुढचे काही महिने ते वाचायला देतात. एखादी कथा आवडली की लेखकाचं नाव लिहून ठेवायचं आणि काउंटरवर त्यांचा संग्रह मागायचा. मला माझे तीन लाडके लेखक असेच मिळाले, तिन्ही नावं शाळेच्या पुस्तकात नव्हती.

फुटपाथवरचं पुस्तक, आणि माझी फजिती

जुनी पुस्तकं घ्यायला किंग्ज सर्कल आणि फोर्टात हुतात्मा चौकाच्या बाजूचा फुटपाथ. किंमत पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली असते, ती शेवटची नसते. तीन पुस्तकं एकत्र घेतली तर भाव उतरतो. पण घेण्याआधी एक काम करा, जे मी केलं नव्हतं.

अकरावीत असताना मी तिथून एक कादंबरी घेतली. वाचताना एका जागी नायिका बापाशी भांडत असते, आणि समोरच्याच पानावर ती परगावी, लग्न होऊन, मांडीवर मूल. मी थक्क झाले. वहीत लिहिलं: ‘लेखक मधली वर्षं गाळून धीट उडी मारतो. वाचकावर एवढा विश्वास मी पहिल्यांदा पाहिला.’ हेच मी वाचनालयातल्या काकांना ऐकवलं, चांगलं तीन मिनिटं, हातवारे करून. आता मला ‘छान म्हणजे काय’चं उत्तर येत होतं ना! काकांनी पुस्तक मागितलं, उघडलं, आणि माझ्यासमोर धरलं. डावीकडे पान १२८. उजवीकडे पान १४५.

“अगं पोरी,” ते म्हणाले, “फर्मा गळलाय.”

पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात आणि मग ते फर्मे एकत्र शिवतात. त्यातला नववा फर्मा, १२९ ते १४४, माझ्या प्रतीत नव्हताच. काका इतके हसले की आतल्या खोलीतल्या बाई बाहेर आल्या. मग त्यांनीच वाचनालयाची प्रत काढून दिली. ती सोळा पानं मी उभ्या-उभ्या वाचली. त्यांत लग्न होतं, बापाचा मृत्यू होता, एक फार रडकं पत्रही होतं. खरं सांगू? गाळलेली कादंबरीच बरी होती. हेही मी काकांना सांगितलं, आणि ते हसायचे थांबून म्हणाले, “हे मात्र मत झालं.”

तर जुनं पुस्तक घेताना १६, ३२, ४८ असे पाढे म्हणत त्या-त्या जागी पान नंबर सलग आहेत का बघा. मिनिटभराचं काम आहे. शिवाय मुखपृष्ठाच्या आत ‘संक्षिप्त’ असा बारीक शब्द नाही ना, तेही पाहा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं उलटली की पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळं होतं, कुणीही छापू शकतं. त्यामुळे जुन्या गाजलेल्या पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या भरपूर असतात आणि त्यांतल्या काहींना कात्री लागलेली असते. अशी मोकळी झालेली पुस्तकं फोनवर फुकट वाचायला हरकत नाही. हयात लेखकांच्या पीडीएफ मात्र कॉलेजच्या ग्रुपवर फिरतात त्या मी उघडत नाही. वडापावचे पैसे देतो तर यांचे का नाही, एवढाच माझा युक्तिवाद आहे.

मत बनवायची वही

शंभर पानी वही घ्या, साधी, वाण्याकडची. सुंदर कव्हरची डायरी घेतली की माणूस सुंदर वाक्यं लिहायला लागतो. एका पुस्तकाला समोरासमोरची दोन पानं. डावं पान वाचता वाचता भरायचं, पान नंबरासकट, तुटक. उजवं पान पुस्तक संपल्यावर लगेच लिहायचं नाही. आठवडा जाऊ द्यायचा. संपल्या-संपल्या प्रत्येक पुस्तक एकतर ग्रेट असतं नाहीतर फालतू. आठवड्याने जे उरतं ते खरं.

उजव्या पानावर ‘छान’, ‘मस्त’, ‘सुंदर’, ‘बोअर’ हे शब्द बंद. कंटाळा आला असेल तर कुठे आला ते लिहायचं, आणि दोष पुस्तकाचा की त्या दिवशी तुमचंच डोकं दुखत होतं तेही. मला सगळ्यात जास्त उपयोग या एका गोष्टीचा झाला. उदाहरणादाखल माझं एक पान देते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी, १९५५ची. डाव्या पानावर असं आहे:

‘मास्तर पोहोचतो. शाळा आहे, पोरं नाहीत. / हा माझ्याच आसपासच्या वयाचा असेल. / कारभारी कमी बोलतो पण तो आला की पान भरल्यासारखं वाटतं. / विक्रोळी ते कुर्ला काहीच घडलं नाही. / अजून काही घडत नाही. / तालमीचा भाग आवडला. / पाऊस नाही.’

आणि आठवड्यानंतर उजवीकडे:

‘गोष्ट सांग म्हटलं तर मला सांगता येणार नाही. वाडी मात्र दिसते, मी कधी माणदेशात गेलेली नसताना. मध्ये कंटाळले कारण मी काहीतरी मोठं घडायची वाट बघत होते, आणि मोठं जे घडलं ते म्हणजे पाऊस पडला नाही. न घडण्याची गोष्ट अशी लिहितात हे मला माहीत नव्हतं. वाडी रिकामी होते तिथे मी माटुंग्याला उतरायची विसरले, दादरला उतरले. कुणाला देईन: आजोबांना. गाव सोडून गिरणीत आले ते. कुणाला देणार नाही: दादाला, तो पन्नास पानांत फेकून देईल.’

शेवटच्या दोन ओळी सोडू नका. पुस्तक कुणाला द्याल हे ठरवताना ते कसं आहे हे आपोआप कळतं. तारे द्यायच्या फंदात मात्र पडू नका. मी वर्षभर दिले, आणि आता साडेतीन तारे का दिले होते ते मलाच आठवत नाही.

मोजणीच्या फंदातही नको. बारावीनंतरच्या वर्षात मी ‘पन्नास पुस्तकं’ असा पण केला. ऑगस्टमध्ये मागे पडले, मग कपाटात बोटाने जाडी मोजून बारीक बारीक पुस्तकं उचलायला लागले. एकतीस झाली. वही बघितल्याशिवाय त्यांतली नऊ सांगता येतात.

न आवडलेलं सांगायचं कसं

पुस्तक अर्धवट सोडायला शिका. माझा नियम: चार फेऱ्या, म्हणजे दोन दिवस जाऊन-येऊन. पाचव्या फेरीला पिशवीतून काढावंसंच वाटलं नाही तर परत. पण सोडल्याची नोंद वहीत करायची, पान नंबर आणि कारणासकट. ‘भाषा जड’ हे कारण चालत नाही. कुठलं वाक्य जड, ते उतरवून घ्या. तीन-चार वेळा मला उतरवताना कळलं की वाक्य जड नव्हतं, मी गाडीत झोपेत होते.

मोठ्यांसमोर गाजलेल्या पुस्तकाबद्दल बोलणं अवघड. आमच्याकडे ‘मला नाही आवडलं’ म्हटलं की आत्या म्हणते, “मोठी झालीस की कळेल.” त्यावर वाद घालू नका. ‘वाईट आहे’ असंही म्हणू नका, कारण ते सिद्ध करायला लागतं. ‘मी अमुक पानापर्यंत त्याच्याबरोबर होते, तिथून पुढे तो जे करतो ते मला पटेना’ असं सांगा. माणूस पान आठवायला लागतो, आणि तुमचं वय विसरतो.

आत्याचं अगदीच चूक नसतं, हेही सांगायला हवं. ‘श्यामची आई’ मी दहाव्या वर्षी वाचलं, शाळेत बक्षीस मिळालेलं. श्याम पोहायला जायला घाबरतो आणि आई त्याला मारून पाठवते, तिथे मी आईवर चिडून पुस्तक दोन दिवस बंद ठेवलं होतं. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं हे कळल्यावर गेल्या वर्षी परत काढलं. या वेळी पोहण्याचा प्रसंग मी झरझर वाचला. अडकले ते कर्जापाशी. सावकार, जप्ती, आणि त्या घरातल्या बाईने मान ताठ ठेवून दिवस काढणं. दहाव्या वर्षी ही पानं मी वाचलीच असणार, पण एकही आठवत नव्हतं. माझं आताचं मत: ते पुस्तक संस्कारांचं म्हणून मुलांच्या हातात देतात, आणि त्यातली निम्मी गोष्ट पैशाची आहे, जी मुलांना दिसत नाही. पुढच्या दहा वर्षांनी काय वाटेल ते तेव्हा लिहीन, म्हणून उजव्या पानाच्या तळाशी चार ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत. तुम्हीही ठेवा.

पुस्तक दुसऱ्याला देताना

वहीच्या मागच्या पानावर उलट्या बाजूने उसनवारी लिहा: नाव, पुस्तक, तारीख. लाजायचं नाही. वाचनालय लाजतं का? मी दंड घेत नाही, पण पुस्तक परत घेताना काकांचा प्रश्न विचारते.

परवा मावशीची मुलगी कथासंग्रह परत घेऊन आली. लग्न होऊन डोंबिवलीला गेलीये, दोन वर्षांत काही वाचलं नव्हतं म्हणाली. पान ७३वर हळदीचा पिवळाधमक अंगठा.

“मस्त होतं गं,” ती म्हणाली.

“मस्त म्हणजे काय?”

तिने पुस्तक माझ्या हातातून परत घेतलं, त्या अंगठ्याचं पान काढलं. “ही म्हातारी दार उघडायला उठते ना, इथे. उघडते की नाही ते बघून गॅस बंद करू म्हटलं. आख्खी आमटी करपली.”

उसनवारीच्या पानावर तिच्या नावापुढे मी तेच लिहिलं आहे: पान ७३, आमटी करपली.